कृषी संशोधनासाठी ‘आर’चा सोपा इंटरफेस: काय बांधायचं आणि काय टाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरला कृषीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याला ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकीय भाषेवर चालणारा, मेनू आणि बटणांचा इंटरफेस तयार करायचा आहे. आर मोफत आहे आणि ते लॅबमध्ये टाकलेलंही आहे. पण नुसता कर्सर लुकलुकताना दिसला की विद्यार्थी थबकतात, आणि थीसिसची वेळ आली की डेटा बाहेरून कुणाकडून तरी ‘अ‍ॅनालिसिस करून’ आणतात. इंटरफेस शायनीत (आरमधून ब्राउझरमध्ये चालणारी पानं बनवणारं साधन) बांधावा, टीसीएल-टीकेत (खिडक्या आणि बटणं बनवणारं जुनं साधन) बांधावा की सरळ जामोवी (मेनूवर चालणारं तयार सॉफ्टवेअर) वापरायला सांगावं, आणि बटणं दिली तर विद्यार्थी कोड कधी शिकतील का, असं त्यांनी विचारलं आहे. हे उत्तर त्यांनाच उद्देशून आहे.

कापूस, संत्रा, माती आणि पशुवैद्यक अशा विभागांतल्या संशोधकांसाठी आरवर छोटी छोटी साधनं बांधायचं काम मी याच शहरात बरीच वर्षं करतो आहे. त्यामुळे मत स्पष्टच सांगतो. संशोधकाला त्याच्या प्रयोगाबद्दल योग्य प्रश्न योग्य क्रमाने विचारायचे, आणि त्या उत्तरांतून तयार झालेला कोड त्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचा, हे इंटरफेसचं काम. टूलकिट कुठलं घ्यायचं हा त्यानंतरचा प्रश्न. बहुतेक जण उलटं करतात. आरमधल्या फंक्शनांची यादी काढतात, प्रत्येक फंक्शनला एक डायलॉग बॉक्स जोडतात आणि मेनूत भरतात. मग विद्यार्थ्याला फंक्शनचं नाव पाठ करावं लागत नाही एवढंच. कोणतं फंक्शन कधी वापरायचं, ही त्याची खरी अडचण जागेवरच राहते.

तुमच्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या कामातलं एक उदाहरण घेऊ. आरबीडीचा (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) प्रयोग आहे, ७ ट्रीटमेंट आणि ४ रेप्लिकेशन, म्हणजे २८ प्लॉट. एक्सेलच्या शीटमध्ये ट्रीटमेंटच्या रकान्यात १ ते ७ आणि रेप्लिकेशनच्या रकान्यात १ ते ४ असे आकडे आहेत. शीट आरमध्ये घेतली, एओव्ही हे अ‍ॅनोव्हाचं (विचरण विश्लेषणाचं) फंक्शन चालवलं, तक्ता आला. कुठे चुकीचा संदेश नाही, साधी सूचनाही नाही. पण ट्रीटमेंटसमोर डिग्रीज ऑफ फ्रीडम ६ च्या ऐवजी १ आणि रेप्लिकेशनसमोर ३ च्या ऐवजी १ दिसते. एररसमोर (ट्रीटमेंट आणि रेप्लिकेशन वगळून उरलेल्या फरकासमोर) १८ हवेत तिथे २५ येतात. आरने १ ते ७ हे ट्रीटमेंटचे क्रमांक न समजता मोजमाप समजले आणि त्यांतून सरळ रेषा काढली. सातवी ट्रीटमेंट पहिलीच्या सातपट, असाच त्याचा अर्थ झाला. असा तक्ता थीसिसमध्ये छापला गेला तर परीक्षकाच्या लक्षात येईलच असं नाही, कारण एफची किंमत ठीकठाकच दिसते.

यावरचा उपाय आर येणाऱ्याला एका ओळीचा आहे. रकाना ‘फॅक्टर’ करायचा, म्हणजे त्यातले आकडे ही गटांची नावं आहेत असं आरला सांगायचं. पण ज्याला आर येत नाही त्याला हा प्रश्न पडणारच नाही, तर तो उत्तर कुठे शोधणार? म्हणून डेटा वाचल्याबरोबर इंटरफेसने प्रत्येक रकान्यापुढे विचारायला हवं: ‘हा मोजलेला आकडा आहे की गटाचं नाव?’ ज्या रकान्यात मोजके पूर्णांक पुन्हा पुन्हा येतात, तिथे ‘गटाचं नाव’ आधीच निवडून ठेवावं आणि विद्यार्थ्याकडून फक्त खात्री करून घ्यावी. पुढे तक्ता दाखवण्याआधी इंटरफेसने स्वतः पडताळावं की ट्रीटमेंटची डिग्रीज ऑफ फ्रीडम गटांच्या संख्येपेक्षा एकने कमी आहे ना. नसेल तर तक्ता दाखवूच नये. २०२० मध्ये आलेल्या ४.०.० आवृत्तीपासून आर मजकुराचे रकाने आपोआप फॅक्टर करत नाही, हेही लक्षात ठेवा. जुनी पुस्तकं आणि जुने व्हिडिओ पाहून शिकलेल्यांची इथे हमखास गफलत होते.

दुसरा प्रश्न रिकाम्या जागांचा. आपल्याकडे एखादा प्लॉट रानडुकरांनी लोळवला, नाल्याकडच्या दोन ओळींत पाणी साचलं, हे दरवर्षीचंच आहे. अशा प्लॉटचं उत्पादन विद्यार्थी काय लिहितो? कुणी रकाना रिकामा सोडतो, कुणी डॅश टाकतो, आणि बरेच जण शून्य लिहितात. त्या शून्याने ट्रीटमेंटची सरासरी खाली येते, एरर फुगते आणि सगळा निकाल फिरतो. म्हणून उत्पादनाच्या रकान्यात शून्य दिसलं की इंटरफेसने थांबून विचारलं पाहिजे: ‘इथे खरंच काहीच उत्पादन आलं नाही, की नोंद मिळाली नाही?’ ‘नोंद मिळाली नाही’ असं उत्तर आलं तर पुढचा हिशेब बदलतो. एक प्लॉट गेला की रचना समतोल राहत नाही, आणि एओव्ही क्रमाने वर्गबेरीज (सम ऑफ स्क्वेअर्स) काढत असल्यामुळे कोणतं पद आधी लिहिलं यावर उत्तर ठरतं. तिथे रेप्लिकेशन आधी आणि ट्रीटमेंट नंतर, हा क्रम इंटरफेसने स्वतःच पाळावा. सरासरीही साधी न देता समायोजित द्यावी. आरमध्ये ईएममीन्स हे पॅकेज (आरला जोडायचा फंक्शनांचा तयार संच) त्यासाठी चांगलं आहे. पूर्वी हाताने सोडवताना येट्सच्या सूत्राने हरवलेल्या प्लॉटची किंमत काढून भरत असत. आता त्याची गरज नाही, पण गाईड तेच मागतील, म्हणून निकालाखाली एका वाक्यात काय केलं ते छापा.

वर्गबेरजेवरून एक सांगून ठेवतो, कारण हा वाद तुमच्याकडे येईलच. तोच असमतोल डेटा एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि आरमध्ये टाकला की उत्तरं वेगळी येतात, आणि विद्यार्थी म्हणतो की आर चुकतं. वर्गबेरीज पदांमध्ये वाटण्याच्या पद्धतींना टाइप-१, २, ३ म्हणतात. एसपीएसएस न सांगता टाइप-३ वर्गबेरीज देतं. आरचं मूळ फंक्शन टाइप-१ देतं. आर कमांडर हा आरचा जुना मेनू-इंटरफेस (त्याबद्दल पुढे) टाइप-२ देतो. शिवाय आरमध्ये टाइप-३ हवी असेल तर कॉन्ट्रास्टची (गटांची तुलना आकड्यांत मांडायच्या पद्धतीची) मांडणीही बदलावी लागते, नाहीतर मुख्य परिणामांचे आकडे निरर्थक येतात. इंटरफेसमध्ये याची तीन रेडिओ बटणं देऊन विद्यार्थ्यावर सोडू नका. तुम्ही विभागात बसून एक ठरवा, तेच वापरा, आणि कोणतं वापरलं ते तक्त्याखाली नेहमी लिहा.

आता टक्केवारी. कीटकशास्त्राच्या थीसिसमध्ये इथेच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव टक्क्यांत दिला की आर्कसाइन रूपांतर, किडींची संख्या दिली की वर्गमूळ एक्स अधिक ०.५, हे सगळ्यांना पाठ आहे. मेनूत ‘ट्रान्सफॉर्मेशन’ असं एक बटण दिलं की विद्यार्थी टक्क्यांचा कुठलाही रकाना त्यातून काढतो, अगदी धान्यातल्या ओलाव्याचे टक्केसुद्धा. पण ओलाव्याचे टक्के वजनाच्या गुणोत्तरातून आलेले असतात आणि किडक्या बोंडांचे टक्के मोजणीतून, त्यामुळे दोन्हींतली अनिश्चितता निराळी असते. म्हणून बटणाआधी प्रश्न हवा: ‘हे टक्के कशातून काढले?’ उत्तर ‘मोजून’ असं आलं तर पुढचा प्रश्न: ‘किती बोंडांपैकी?’ समजा प्रत्येक प्लॉटमधून २० बोंडं फोडून पाहिली. मग ‘२० पैकी ३’ ही मूळ नोंद आपल्याकडे आहे आणि १५ टक्के हा तिच्यावरून काढलेला आकडा आहे. मूळ नोंद असली तर बायनॉमियल जीएलएम (‘इतक्यांपैकी इतके’ अशा नोंदींसाठीचं मॉडेल) सरळ बसवता येतं, शून्य टक्के आले तरी अडत नाही, आणि प्लॉट-प्लॉटमधला फरक अपेक्षेपेक्षा जास्त निघाला तर क्वासी-बायनॉमियल वापरता येतं. माझं स्वतःचं मत जीएलएमच्या बाजूचं आहे. तरी आर्कसाइन काढून टाकू नका. विभागातले जुने निकाल त्यातच आहेत आणि तुलना करावी लागते. दोन्ही शेजारी दाखवा. निष्कर्ष एकच येतो का, हे विद्यार्थ्याला बघू द्या.

हे तीन-चार प्रश्न मी इतके लांबवून सांगितले, कारण तुमच्या कामाचा मोठा भाग हाच आहे. एक वही घ्या, तुमच्या विभागातल्या गेल्या काही वर्षांच्या थीसिस उघडा, आणि अ‍ॅनालिसिस करताना जे जे विचारावं लागलं असतं ते क्रमाने लिहून काढा. ती वही भरेपर्यंत एकही बटण बनवू नका.

टूलकिटबद्दल आता. या प्रकारचं काम जगात काही नवीन नाही आणि जुन्या कामातून शिकण्यासारखं खूप आहे. आर हे ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलं. त्याची १.०.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. मॅकमास्टर विद्यापीठातले जॉन फॉक्स यांनी आपल्या प्राथमिक संख्याशास्त्राच्या वर्गासाठी आर कमांडर तयार केलं आणि २००५ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. त्यांनी घेतलेले दोन निर्णय आजही मला अगदी योग्य वाटतात. एक म्हणजे त्यांनी टीसीएल-टीके निवडलं, कारण ते आरसोबतच येतं आणि वर्गातल्या मुलांना वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. दुसरा जास्त महत्त्वाचा: मेनूतून काहीही निवडलं की त्याचा कोड एका स्क्रिप्टच्या खिडकीत उमटतो, तो तिथेच बदलून पुन्हा चालवता येतो. बटण आणि कोड यांच्यात भिंत ठेवली नाही.

रॅटलची गोष्ट उलट बाजूने उपयोगी आहे. डेटा मायनिंगसाठी ग्रॅहम विल्यम्स यांनी बांधलेला तो फार सोयीचा इंटरफेस. पण तो जीटीके या खिडक्या-बटणांच्या टूलकिटवर उभा होता, आणि आरला जीटीकेशी जोडणारं आरजीटीके२ हे पॅकेज पुढे क्रॅनवरून (आरच्या पॅकेजांच्या अधिकृत साठ्यावरून) काढलं गेलं. त्यामुळे जुना रॅटल नव्या मशीनवर बसवणं अवघड झालं, आणि पुढे तो नव्याने बांधावा लागला. वरचं काम कितीही चांगलं असो, खालचा पाया कोण सांभाळतं आहे हे आधी पाहावं लागतं.

जामोवी आणि जास्प हे दोन्ही आतून आरच वापरतात, दिसायला देखणे आहेत आणि मोफत आहेत. समाजशास्त्र, मानसशास्त्र, परिचर्या अशा विषयांच्या विद्यार्थ्यांना मी बिनदिक्कत तेच सांगतो, नवीन काही बांधायची गरजच नाही. जामोवीत तुम्ही स्वतःचं मॉड्यूलही लिहू शकता. कोणते पर्याय दाखवायचे ते वायएएमएल फाइलमध्ये लिहायचं, हिशेब आरमध्ये लिहायचा, डायलॉग बॉक्सची बरीचशी मेहनत वाचते. पण कृषी प्रयोगांच्या तक्त्याची जी मांडणी आपल्याकडे लागते, सरासऱ्या, खाली एसई(एम)± (सरासरीची स्टँडर्ड एरर), त्याखाली ५ टक्क्यांवर सीडी (क्रिटिकल डिफरन्स, दोन सरासऱ्यांत किमान किती फरक लक्षणीय), ती तिथे तयार मिळत नाही. हिस्सारच्या कृषी विद्यापीठाचं ओपीस्टॅट हे विश्लेषणाचं साधन तुमच्या विद्यार्थ्यांना माहीत असेलच. केरळ कृषी विद्यापीठाचं ग्रेप्स तर थेट शायनीवर बांधलेलं आहे. काम सुरू करण्याआधी ही दोन्ही नीट वापरून बघा. जे तिथे चांगलं आहे ते पुन्हा कशाला बांधायचं?

एवढं पाहून झाल्यावरही स्वतःचं बांधायचं ठरलं, तर शायनी घ्या. २०१२ पासून ते वापरात आहे, सांभाळणारी मंडळी आहेत, आणि इंटरफेस ब्राउझरमध्ये उघडत असल्याने विद्यार्थ्याला तो ओळखीचा वाटतो. मात्र अ‍ॅप म्हणून सुटी फाइल न ठेवता ते आरचं पॅकेज म्हणून बांधा. हिशेब करणारी फंक्शनं वेगळी, स्क्रीन दाखवणारी वेगळी. उद्या शायनी मागे पडलं तरी हिशेबाचा भाग तसाच उपयोगी राहील.

शायनीच्या चालण्यातली एक गोष्ट आधी समजून घ्या. तिथे एखादी निवड बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं आपोआप पुन्हा मोजलं जातं. शिकवताना हे छान दिसतं, पण थीसिसच्या तक्त्यासाठी ते घातक ठरू शकतं. विद्यार्थी अर्धवट निवड करत असतानाच निकाल बदलत राहतात आणि त्यातला नेमका कोणता त्याने वर्डमध्ये चिकटवला हे नंतर कळत नाही. म्हणून मॉडेल ‘चालवा’ बटणावरच चालू द्या. आणि बटण दाबल्यानंतर कुणी डेटा किंवा निवड बदलली, तर जुना निकाल फिकट करून वर ‘हा निकाल आधीच्या निवडीचा आहे’ अशी पट्टी दाखवा.

कोड तयार करण्याच्या पद्धतीवर मी जरा जोर देणार आहे, कारण हौसेने बांधलेले बरेच इंटरफेस इथेच कच्चे राहतात. पुष्कळ जण हिशेबासाठी एक कोड लिहितात आणि विद्यार्थ्याला दाखवायला दुसरा, जुळवलेला. काही महिन्यांनी हिशेबात सुधारणा होते, दाखवायचा कोड तसाच राहतो, आणि मग स्क्रीनवरचं उत्तर आणि तो कोड चालवून आलेलं उत्तर यांत फरक पडतो. एकच कोड बनवा, तोच चालवा, तोच दाखवा. शायनीमेटा नावाचं पॅकेज याच कामासाठी आहे. त्याहून साधा मार्ग म्हणजे आरमध्ये एक्स्प्रेशन तयार करायचं, ते चालवायचं, आणि तेच मजकूर करून छापायचं.

यात अक्षरं जोडून कोड बनवायचा मोह टाळा. रकान्याचं नाव ‘दाण्याचे उत्पादन (क्विं/हे)’ असं असलं की मधली जागा आणि कंस यांच्यामुळे तो कोड लगेच तुटतो. नावाचं सिम्बॉल करून एक्स्प्रेशनमध्ये बसवलं तर आर स्वतःच त्याला बॅकटिकमध्ये (` या चिन्हांत) ठेवतं. दुसरं कारण सुरक्षेचं. विद्यार्थ्याने टाइप केलेला मजकूर कोड म्हणून वाचून (पार्स) तसाच चालवला (ईव्हॅल), तर त्या चौकटीत कुणी सर्व्हरवरच्या फायली पुसणारी आज्ञाही लिहू शकतो. रकान्यांची नावं नेहमी यादीतून निवडायला लावा, मोकळी चौकट फक्त शीर्षकांसाठी ठेवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: बटणं दिली तर मुलं कोड शिकतील का? कोड दिसत राहिला तर शिकतात, आणि ती सुरुवात बहुतेक वेळा आलेखापासून होते. विश्लेषणाच्या कोडला हात लावायची त्यांना भीती वाटते, पण आलेखावरचं शीर्षक बदलायचं असतं, अक्षावर ‘क्विंटल प्रति हेक्टर’ लिहायचं असतं, गाईडना काळा-पांढरा हवा असतो. हे सगळं डायलॉग बॉक्समध्ये देत बसू नका. आलेखाखाली त्याचा कोड द्या, बदलता येईल अशा चौकटीत, शेजारी ‘पुन्हा काढा’ बटण. अवतरणचिन्हांतला मजकूर बदलला की आलेख बदलतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की भीती मोडते. मग तोच विद्यार्थी मॉडेलच्या ओळीत एक पद वाढवून बघतो. शायनीच्या संदर्भात इथे मी आत्ताच सांगितलेल्या सुरक्षेच्या नियमाला अपवाद होतो, म्हणून अशी चौकट फक्त स्वतःच्या मशीनवर चालणाऱ्या आवृत्तीतच ठेवा, सर्व्हरवर नको.

आलेखात देवनागरी हवी असेल तर, आणि शेतकरी मेळाव्याच्या पत्रकांसाठी ती हवीच असते, आरचं साधं पीडीएफ उपकरण उपयोगाचं नाही. अक्षरांच्या जागी चौकोन किंवा ठिपके येतात. पीएनजीसाठी रॅग पॅकेज वापरा. ते जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसवतं, कारण अक्षरजुळणीसाठी ते हार्फबझ ही लायब्ररी वापरतं. विंडोजवर आर निदान ४.२.० किंवा पुढचं असू द्या. त्या आवृत्तीपासून विंडोजवरही यूटीएफ-८ (सर्व लिप्या साठवणारी अक्षरपद्धत) मूळचंच झालं आहे, त्यामुळे मराठी नावांचे रकाने वाचताना होणारे बहुतेक त्रास संपले. आणखी एक बारीक गोष्ट: कुणी शीटमध्ये १२.५ देवनागरी अंकांत लिहिलं तर आर त्याला संख्या मानत नाही, मजकूर समजतं, आणि संख्येत बदलायला गेलं की एनए (नोंद नाही) करून टाकतं. डेटा वाचतानाच अंक बदलून घ्या, त्याला एक ओळ पुरते. त्याच वेळी ‘टी१’ आणि शेवटी स्पेस असलेलं ‘टी१’ हे आरसाठी दोन वेगळे गट असतात, म्हणून मागच्या-पुढच्या स्पेस छाटून टाका.

एररचे संदेश हे तर अर्धं शिक्षण आहे. आर सांगतं की कॉन्ट्रास्ट फक्त दोन किंवा जास्त स्तर असलेल्या फॅक्टरलाच लावता येतात. वाक्य अगदी अचूक आहे, पण एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला त्यातून काय कळणार? इंटरफेसने म्हणावं: ‘“हंगाम” या रकान्यात एकच गट आहे (खरीप). तुलना करायला किमान दोन गट हवेत. खरीप-रब्बी दोन्हींचा डेटा एकत्र घेतला आहे का?’ नेहमी येणाऱ्या संदेशांची अशी भाषांतरं करून ठेवा, मूळ इंग्रजी संदेशही खाली बारीक अक्षरात राहू द्या, म्हणजे शोधायला उपयोगी पडेल. सूचनांचं तर त्याहून जपायला हवं. काय-स्क्वेअर चाचणीत अपेक्षित वारंवारता कमी असली की आर सावध करतं, पण पी-व्हॅल्यू देतंच. शायनीत ती सूचना मागच्या कन्सोलमध्ये जाते आणि स्क्रीनवर फक्त पी-व्हॅल्यू उरते. ती पकडून निकालाच्या वर आणा.

निकालाच्या तक्त्यात एक शिस्त पाळा. एफ चाचणी लक्षणीय नसेल तर सीडीच्या जागी ‘एनएस’ (नॉट सिग्निफिकंट, लक्षणीय नाही) छापा, आकडा देऊ नका. आकडा दिसला की विद्यार्थी दोन सरासऱ्यांतला फरक त्याच्याशी ताडून ‘ही ट्रीटमेंट सरस’ असं लिहून मोकळा होतो. लक्षणीय असेल तर आकडा कसा आला तेही उघडून बघता यावं. समजा एररची मीन स्क्वेअर २.८८ आणि रेप्लिकेशन ४. मग एसई(एम) सुमारे ०.८५. दोन सरासऱ्यांतल्या फरकाची स्टँडर्ड एरर म्हणजे २ गुणिले २.८८ भागिले ४ याचं वर्गमूळ, १.२. ती १८ डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या टी किमतीने, २.१०१ ने गुणली की सीडी २.५२. सीडीवर क्लिक केलं की हा चार ओळींचा हिशेब त्याच प्रयोगाच्या आकड्यांनिशी उघडला पाहिजे. व्हायव्हात हाच प्रश्न विचारतात.

कुठे चालवायचं, याचं उत्तर तुमच्या लॅबवर अवलंबून आहे. शायनीची एक आर प्रक्रिया एका वेळी एकच हिशेब करते. प्रॅक्टिकलला अख्ख्या वर्गाने एका सर्व्हरवर एकदम बटण दाबलं की सगळे रांगेत उभे राहतात. म्हणून सुरुवात प्रत्येक मशीनवर पॅकेज टाकून करा, इंटरनेट गेलं तरी काम अडत नाही. पुढचा टप्पा म्हणून शायनीलाइव्ह (सर्व्हरशिवाय ब्राउझरमध्येच चालणारं शायनी) बघा. २०२३ मध्ये आलेल्या वेबआरमुळे आर थेट ब्राउझरमध्ये चालतं, वेगळा सर्व्हर लागत नाही आणि डेटा त्या संगणकाबाहेर जात नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या निवासी डॉक्टरांसाठी कधी असं काही बांधलंत तर रुग्णांच्या माहितीच्या दृष्टीने हे फारच महत्त्वाचं ठरेल, विशेषतः डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आल्यानंतर. मर्यादा एवढीच की पहिल्यांदा उघडताना बरंच डाउनलोड होतं, आणि जी पॅकेजं वेबअसेम्ब्लीत (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रूपात) उपलब्ध आहेत तेवढीच वापरता येतात.

प्रत्येक निकालासोबत आरची आणि पॅकेजांची आवृत्ती छापायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. ट्रीटमेंटची प्लॉटवर यादृच्छिक वाटणी करून देणारं पान करणार असाल तर सीडचा (ज्या आकड्यावरून यादृच्छिक निवड सुरू होते त्याचा) आकडाही छापा. ३.६.० मध्ये आरने यादृच्छिक निवडीची पद्धत बदलली, त्यामुळे तोच सीड जुन्या आवृत्तीत वेगळा आराखडा देऊ शकतो.

चाचणीसाठी आरमध्येच एनपीके आणि इन्सेक्टस्प्रेज हे डेटासेट आहेत, आणि अ‍ॅग्रिडॅट पॅकेजमध्ये प्रकाशित कृषी प्रयोगांचा मोठा साठा आहे. त्यांची उत्तरं माहीत आहेत, तेव्हा इंटरफेसची उत्तरं त्यांच्याशी ताडून घ्या. त्याहून अवघड चाचणी माणसांची. एखाद्या विद्यार्थ्याला त्याचाच डेटा घेऊन बसवा, शेजारी बसा आणि काही बोलू नका. त्याचा माऊस कुठे रेंगाळतो, कोणता प्रश्न तो न वाचताच ‘पुढे’ दाबतो, एवढंच टिपत जा. जिथे न वाचता पुढे जातो, तिथला प्रश्न त्याच्या भाषेत नाही असं समजा आणि तो बदला.

पहिल्या आवृत्तीत सीआरडी (ब्लॉक नसलेली रचना), आरबीडी आणि एफआरबीडी (एकाहून जास्त घटकांची आरबीडी) इतकंच ठेवा. स्प्लिट प्लॉटची (मोठ्या मेन प्लॉटच्या आत छोटे सब प्लॉट असलेल्या रचनेची) मागणी लगेच येईल, पण तिथे मेन प्लॉट आणि सब प्लॉट यांच्या एरर वेगळ्या असतात आणि सीडी एक नसून चार निघतात: मेनची, सबची, एकाच मेनमधल्या दोन सबची, आणि वेगवेगळ्या मेनमधल्या दोन सबची. शेवटच्या सीडीत दोन्ही एररचं मिश्रण असतं आणि टी किंमतही भारित काढावी लागते. त्यासाठीची प्रश्नांची वही वेगळी भरावी लागेल. ती भरली की मला पाठवा, मी बघून देईन.